महताब टॉकीजला कड्याचा दर

आष्टीच्या महताब टॉकीजमध्ये तिकिटाशिवाय शिरायचा प्रयत्न साठ वर्षांत तीनच माणसांनी केला. पहिला एक फौजदार. तो म्हणे दारातूनच घामाघूम होऊन तिकिटाच्या खिडकीकडे वळला आणि पुढे उभं आयुष्य रेशनपासून बढतीपर्यंत सगळं रांगेत राहूनच घेऊ लागला. दुसरा करमणूक कराचा निरीक्षक. आतला कर तपासण्याआधी त्याला स्वतःच्या तिकिटावरचा कर भरावा लागला. तिसरे जालिंदर किसन ओव्हाळ, सेवानिवृत्त उपअभियंता, सरकारमान्य मूल्यांकनकार, राहणार बीड. ओव्हाळांच्या बाबतीत फरक इतकाच की ते गेले तेव्हा टॉकीज बंद पडून चार वर्षं झाली होती.

२०१३ सालचा मे महिना होता. ऊन असं की एसटीतून उतरून ओव्हाळ दोन पावलं पुढे गेले आणि त्यांची डावी चप्पल डांबराला चिकटून स्टँडवरच थांबली. ती उचकटून, खांद्याला पन्नास मीटरचा टेप, काखेत फाइल आणि डोक्यावर ओला पंचा अशा थाटात ते महताबच्या दाराशी पोचले, तर दारात मालक खाजामियाँ उभे. त्या रात्री घरी ओव्हाळांनी जे वर्णन केलं त्याप्रमाणे खाजामियाँ साडेसात फूट उंच होते, दाढी बेंबीपर्यंत होती आणि हातात तलवार होती. प्रत्यक्षात ते सव्वापाच फूट होते, दाढी बोटभर होती आणि हातात बॅटरी होती. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस दाराच्या मधोमध असा काही उभा होता की त्याच्या दोन्ही बाजूंनी वारासुद्धा विचारून आत जात असावा.

“तिकीट?” खाजामियाँ म्हणाले.

ओव्हाळांनी आपण कोण ते सांगितलं. ओळखपत्र दाखवलं, काम देणाऱ्या सहकारी संघाचं पत्र दाखवलं, खात्री पटावी म्हणून टेपसुद्धा दोन मीटर बाहेर काढून दाखवला. खाजामियाँनी पत्र पुढून वाचलं, उलटं करून कोरी बाजूही वाचली आणि घडी घालून परत दिलं.

“ह्ये समदं बराबर हाय साहेब. पर तिकीट?”

टॉकीज तर बंद आहे, असं ओव्हाळ जरा चढ्या आवाजात म्हणाले.

“टाकी बंद हाय,” खाजामियाँ म्हणाले. “तिकीट बंद न्हाई.”

एवढं बोलून ते दार ओढून घेऊन इमारतीला वळसा घालून निघाले. अंतर चाळीस पावलांचं, पण एक गुडघा कामातून गेलेला, त्यामुळे सहा मिनिटं लागली. मग तिकिटाची खिडकी आतून करकरली, भोकातून एक हात बाहेर आला आणि कितवा क्लास अशी विचारणा झाली. थर्डचे आठ, बाल्कनीचे वीस. बाल्कनीचीही पाहणी करायची आहे, असा सरकारी विचार करून ओव्हाळांनी बाल्कनी घेतली. हात आत गेला, खिडकी मिटली आणि खाजामियाँ पुन्हा सहा मिनिटं चालत दाराशी आले. त्यांनी तिकीट नीट पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणी दिलं होतं. अर्धं फाडून घेतलं, बॅटरी लावली आणि भर दुपारी बारा वाजता ओव्हाळांना अंधारातून जिना चढवून बाल्कनीच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. स्वतःही शेजारी बसले. समोर पांढरा पडदा. एक पाल त्याच्यावर डावीकडून उजवीकडे गेली, मग परत आली. ओव्हाळ मोजायला आले होते, पण मालक बसलेला असताना मध्येच उठणं बरं दिसेना. चांगली वीस मिनिटं दोघं पडद्याकडे बघत बसले. मग खाली कपबशीचा आवाज झाला, खाजामियाँ म्हणाले, “इंटरवल,” आणि ओव्हाळांनी टेप उघडला.

ओव्हाळांना मूल्यांकनाची नुसती विद्या नव्हती, त्यांना त्याचा नाद होता. लग्नाला गेले की ते मांडवाचं मूल्यांकन करीत, बारशाला गेले की पाळण्याचं. दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाऊन ‘स्लॅब चांगला आहे’ असा धीर देऊन येत. थोरल्या मुलीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी रीतसर पद्धत वापरली होती. गल्लीतल्या तीन घरांत गेल्या पाच वर्षांत आलेले जावई तुलनेला घेतले, वय, पगार आणि डोक्यावरचे केस यांप्रमाणे अधिकउणं केलं आणि ‘सदर मुलगा चालू बाजारभावाने योग्य’ असा दोन पानी निष्कर्ष बायकोच्या, म्हणजे कौशल्याबाईंच्या हातात ठेवला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी दोन्ही पानं वाचली आणि मुलाच्या आईचा रकाना कुठाय, एवढंच विचारलं. तो रकाना नव्हता. पुढे सासूने मुलीला जे काही दाखवलं त्यावरून तो हवा होता, हे ओव्हाळांनीही मान्य केलं.

पण पद्धतीवरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. जुन्या वास्तूची किंमत तिच्याकडे टक लावून बघितल्याने कळत नाही. तिच्यासारख्या तीन वास्तू अलीकडे कितीला विकल्या गेल्या ते बघून कळते. याला ते विक्रीचे दाखले म्हणत. तीन दाखले मिळाले की ओव्हाळांना जगात कशाचीही किंमत सांगता येत असे.

महताबची किंमत संघाला हवी होती. संघ म्हणजे बळीवैभव सहकारी संघ. त्या साली तालुक्यात प्यायला पाणी टँकरने येत होतं, आणि संघ अकराशे जनावरांची छावणी चालवत होता. वैरण आणि पेंड ठेवायला छप्पर लागतं, आणि गावात सगळ्यात मोठं रिकामं छप्पर महताबचं. टॉकीज तीन भावांची. दोघे भाऊ वारलेले, त्यांची मुलं पुण्यात, आणि ती विकायला एका पायावर तयार. राहिले खाजामियाँ, दोघांविरुद्ध एक. सरकारमान्य मूल्यांकनकार सांगेल त्या किमतीला संघ घेणार आणि त्याचे तीन सारखे वाटे होणार, असं ठरलं होतं.

इंटरवलचा चहा खाजामियाँच्या मुलीने आणला. सलिमा चाळिशीची, सासरहून कायमची परत आलेली, शिवणकाम करणारी. बापलेक राहत होते ते पडद्याच्या मागे, भिंतीला लागून काढलेल्या दोन खोल्यांत. पूर्वी खेळ चालू असताना त्यांना सगळे सिनेमे मागून, उलटे दिसत, त्यामुळे सलिमाच्या आठवणीतले सगळे नायक डावखुरे होते. ओव्हाळ भिंतीची जाडी मोजत असताना ती टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली आणि बाप ऐकणार नाही एवढ्या आवाजात बोलली.

“काका, आष्टीत दोन खोल्या चौदा लाखाला हायत. मी बघून आले. म्हंजी टाकीचे बेचाळीस आले तर आमचे चौदा व्हतेत. त्याच्या खाली आलं तर आब्बाला घेऊन मी कुठं जाऊ?”

ओव्हाळांनी नियमाप्रमाणे सांगितलं की किंमत आधी ठरवून मोजता येत नाही. पण मोजता मोजता त्यांची कळी खुलत गेली. इमारत १९५२ सालची. छपराला सागवानी कैच्या, एकाही जागी वाळवी नाही. शहाबादी फरशी, मशिनच्या खोलीला लोखंडी दार, आत दोन जुनी प्रोजेक्टर यंत्रं, आणि चार वर्षं खेळ नसूनही दोन्हीला दर शुक्रवारी तेल. शुक्रवार का, असं ओव्हाळांनी विचारलं, तर नवीन पिक्चर शुक्रवारीच लागतो, एवढीशी गोष्ट शिकलेल्या माणसाला कशी ठाऊक नाही, याचं खाजामियाँना नवल वाटलं. परतीच्या एसटीत ओव्हाळांनी मांडीवर हिशेब केला. शेजारच्या प्लॉटांच्या दराने जागेचे छत्तीस लाख, इमारत, लाकूड आणि यंत्रांचे नऊ. पंचेचाळीस. खाजामियाँचे पंधरा. दोन खोल्या घेऊन वर एक लाख. ओव्हाळ इतके खुश झाले की बीड येईपर्यंत त्यांनी एसटीचंही मूल्यांकन करून टाकलं. तिची किंमत तिकिटापेक्षा कमी भरली.

आता फक्त दाखले जोडायचे होते. जिल्ह्यात अलीकडे विकल्या गेलेल्या टॉकीज तीन: नेकनूरची, चौसाळ्याची आणि कड्याची. ओव्हाळ उलट्या क्रमाने निघाले, सगळ्यात ताजी विक्री आधी.

नेकनूरची टॉकीज दोन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेने घेतली होती. कारकुनाने फाइल काढून दिली. ओव्हाळांनी आकडा पाहिला आणि चष्मा पुसला. शेजारच्या प्लॉटपेक्षा टॉकीज चाळीस टक्के स्वस्त गेली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘टॉकीजसाठी नेहमीची घट ४० टक्के. पाहा: चौसाळा.’ नेहमीची म्हणजे कुणाच्या नेहमीची, असं ओव्हाळांनी कारकुनाला विचारलं. कारकून म्हणाला, तो नवीन आहे.

दुसऱ्या दिवशी ते चौसाळ्याला गेले. तिथली टॉकीज २००९ साली एका दूध संस्थेने घेतलेली. मूल्यांकन केलं होतं बीडच्याच राधाकिशन तोष्णीवालने. हा ओव्हाळांचा व्यवसायबंधू, म्हणजे ज्याच्याशी ते हसून बोलत पण ज्याचं अक्षर त्यांना बघवत नसे असा. त्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मंदीची घट ४० टक्के. पाहा: कडा.’ २००९ साली चौसाळ्यात कसली मंदी? हायवेवर धाबे दुपटीने वाढले होते. स्टँडवर उसाचा रस पिता पिता ओव्हाळांनी राधाकिशनचा असा उद्धार केला की रसवाल्याने चरक थांबवला. पण त्यांना खरा आनंद झाला होता तो ‘पाहा: कडा’ या दोन शब्दांचा. कारण कड्याचं मूल्यांकन खुद्द त्यांचं होतं. २००४ सालचं, निवृत्तीनंतरचं पहिलंवहिलं काम. त्यात असला बिनबुडाचा प्रकार असणं शक्यच नव्हतं. मूळ रिपोर्ट दाखवला की मधल्या दोघांनी नक्कल करताना काय घोळ घातला तो उघडा पडेल, चाळीस टक्के गळून पडतील आणि पंचेचाळीस लाख ताठ उभे राहतील, असा त्यांचा अंदाज होता.

कड्याला उतरल्यावर आधी त्यांना भेटला मकसूद. कड्याच्या टॉकीजचा हा पूर्वीचा मालक. आता स्टँडजवळ, आपल्याच जुन्या टॉकीजच्या भिंतीला टेकवून केळीचा गाडा लावत होता. त्याने ओव्हाळांना लगेच ओळखलं.

“तुमी मोजाया आलते साहेब. दुष्काळ व्हता तवा. लई सच्चा मानूस. घरातून चहा पाठवला तर म्हनले, काम सरकारी हाय, चालनार न्हाई.”

मग तो जुनं काहीबाही सांगत राहिला, कुरकुर न करता, गिऱ्हाईक करता करता. त्याची टॉकीज चालायची ऊसतोड्यांच्या जिवावर. दसऱ्याला मुकादमाकडून उचल मिळाली की कारखान्यावर जायच्या आधी सगळी टोळी बायकापोरांसह सिनेमाला यायची, आणि चैताबैसाखात परत आली की पुन्हा. त्या साली कारखान्यांना ऊसच नव्हता. माणसं महिनाभरात परत आली, हातात काही नाही. टॉकीजचं सबंध वर्ष कोरं गेलं. मग मोजणी झाली, मे महिन्यात विक्री झाली. “आन् जूनात पाऊस लागला साहेब. दोन म्हैने थांबलो असतो तर.” हे वाक्य त्याने पुरं केलं नाही, कारण एक बाई अर्धा डझन मागत होती. ओव्हाळांनी एक डझन घेतली. पैसे त्याने पुरते घेतले.

फाइल एका जुन्या संघाच्या कपाटात होती, आणि कपाटावर एक मांजर होतं. ओव्हाळांनी आपला रिपोर्ट नऊ वर्षांनी हातात घेतला. निळी शाई, ठसठशीत अक्षर, समासाला तांबडी रेघ. आधी क्षणभर त्यांना अक्षराचंच कौतुक वाटलं. मग त्यांनी सातवं पान उलटलं.

‘दुष्काळी परिस्थितीमुळे घट: ४० टक्के.’

म्हणजे चाळीस टक्के त्यांचेच होते. राधाकिशनने ‘दुष्काळी परिस्थिती’चं ‘मंदी’ केलं, नेकनूरवाल्याने ‘मंदी’चं ‘नेहमीची’ केलं, एवढंच. इथवर ठीक होतं. दुष्काळापुरती घट दुष्काळाबरोबर संपते, असं म्हणता आलं असतं. पण रेघेखाली त्यांनी एक टीप दिली होती. नवा माणूस पहिल्या कामात जरा जास्तच नीटनेटका असतो. टीप अशी: ‘सदर परिस्थिती बदलण्याची शक्यता दिसत नाही.’ खाली सही, जा. कि. ओव्हाळ, आणि तारीख, बावीस मे दोन हजार चार. पाऊस पडेल असं धरून चालायला फॉर्मवर रकाना नव्हता, आणि जिथे रकाना नाही तिथे ओव्हाळ काही लिहीत नसत.

परतीच्या एसटीत त्यांनी कशाचंही मूल्यांकन केलं नाही. डझनभर केळी मांडीवर काळी पडत गेली.

कौशल्याबाईंनी जेवण वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ज्या तीन टॉकीज विकल्या गेल्या त्या खरोखर त्याच भावाला गेल्या, ते आता बदलणार नाही. तुमचं एक वाक्य तीन गावांत फिरून बाजारभाव होऊन बसलं. तर आता बाजारभावाला बाजारभाव म्हणा आणि झोपा, नाहीतर पंचेचाळीस लिहा आणि कारण म्हणून आधीचा दर एका मूल्यांकनकाराच्या चुकीमुळे पडला असं मोघम लिहा. मूल्यांकनकार कोण, हे कुणी विचारत नाही.

“विचारलं तर?”

“विचारलं तर सांगा. न विचारता कशाला सांगता?”

पण वडिलांचं बोट धरून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या तेव्हा ओव्हाळ दहा-अकरा वर्षांचे होते, आणि त्यांतली खोटं न बोलण्याची त्यांनी अशी धरून ठेवली होती की खात्यातले ठेकेदार त्यांच्या बदलीसाठी वर्गणी काढत. मोघम लिहिणं म्हणजे खोटं नव्हे, हे कौशल्याबाईंनी त्यांना चाळीस वर्षं शिकवून पाहिलं होतं. बाकी सगळी मुलं पास झाली होती.

ओव्हाळ पुन्हा आष्टीला गेले. दारात तिकीट मागण्याआधीच ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पुन्हा बाल्कनी, पुन्हा वीस रुपये, पुन्हा बॅटरी. बाल्कनीत बसल्यावर त्यांनी पडद्याकडे बघत सगळं सांगितलं. कड्याचं, मकसूदचं, टिपेचं. खाजामियाँ पडद्याकडेच बघत होते.

“मकसूद माझ्या भैनीचा दीर,” ते शेवटी म्हणाले. “तवा तो मला म्हनला व्हता, साहेबानं लिवलंय म्हंजी खरंच असंल, आता कड्यात पाऊस पडत न्हाई. म्हनून इकली.”

ओव्हाळांनी मांडीवरची फाइल उघडली आणि पुन्हा मिटली.

“साहेब, तुमी आता ह्ये कागदावर घालू नका. पंचेचाळीस लिवा, सही मारा, निघा. चुकलं तर चुकलं.”

“तीन दाखले चाळीस टक्के सांगतात. ते का मानायचे नाहीत हे लिहावंच लागेल, खाजामियाँ.”

“मंग दुसऱ्या कुनाचं नाव घाला.”

ते शक्य नव्हतं. सलिमा जिन्यात उभी राहून ऐकत होती. तिने चहा आणला नाही. इंटरवल झालाच नाही.

ओव्हाळांचा रिपोर्ट एकेचाळीस पानांचा झाला. जिल्ह्यात टॉकीजच्या किमतीवर इतकं सुंदर आजवर कुणी लिहिलं नसेल. ऊसतोड्यांची उचल, दसरा, चैत्र, दुष्काळाचं एक वर्ष आणि त्यापुढची पावसाची वर्षं असा सगळा तक्ता होता. सागवानी कैच्यांना अडीच पानं होती. आणि सतराव्या पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं की तिन्ही विक्रींचा दर एकाच मूळ मूल्यांकनातून उतरलेला आहे, ते मूळ मूल्यांकन चुकीचं आहे आणि ते प्रस्तुत मूल्यांकनकारानेच केलेलं आहे. सबब ते तिन्ही दाखले बाद. किंमत पंचेचाळीस लाख.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संघाची बैठक बसली. सात संचालक होते आणि वीज गेल्यामुळे बंद पडलेला एक पंखा होता. खिडकीतून टँकरची वाट दिसत होती, त्यामुळे दर दोन मिनिटांनी कुणीतरी तिकडे बघत होतं. चेअरमन उत्तरेश्वर आबा वाईट माणूस नव्हता. अकराशे जनावरं रोज सकाळी त्याच्या नावाने हंबरत होती, आणि पेंडीची पोती उघड्यावर पडली होती. एकेचाळीस पानं त्याने वाचली नाहीत. पण सतरावं पान कुणीतरी दुमडून दिलं होतं, तेवढं वाचलं.

“साहेब, कड्याचा रिपोर्ट चुकला म्हंता.”

“चुकला.”

“क्येला व्हता कुनी?”

“मी.”

आबांनी पान पुन्हा एकदा पाहिलं. “म्हंजी तवा तुमी चुकले व्हते आन् आता बराबर हाव.”

“हो.”

“चांगलं हाय. मंग एक करा. तुमी बराबर निघाल्याचे तीन दाखले द्या.”

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. पद्धत ओव्हाळांचीच होती, आणि ती त्यांच्यावर अगदी बरोबर लागू पडत होती. त्यांनी तोंड उघडलं, नऊ वर्षांतली तेराशे कामं मनातल्या मनात चाळली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण बरोबर होतो की नाही हे एकाही ठिकाणी परत जाऊन पाहिलेलं नाही. तेवढ्यात टँकर आला आणि चार संचालक उठून बाहेर गेले.

काम राधाकिशन तोष्णीवालकडे गेलं. तो एका दुपारी आष्टीला जाऊन आला. खाजामियाँनी त्याला तिकीट मागितलं, तेव्हा आत शिरायचा प्रयत्नसुद्धा न करता त्याने टॉकीज रस्त्याच्या पलीकडून पाहिली आणि रिपोर्टात ‘अंतर्गत पाहणी: आवश्यकता नाही’ असं लिहिलं. रिपोर्ट चार पानांचा होता. पंचेचाळीस लाखांतून टॉकीजची नेहमीची घट चाळीस टक्के वजा केली होती. दाखले तीन, आणि त्यांत पहिला: ‘कडा, २००४, मूल्यांकनकार जा. कि. ओव्हाळ (अनुभवी).’ कंसातला शब्द राधाकिशनने चांगुलपणाने घातला असावा. व्यवसायबंधू होता.

सलिमाने ओव्हाळांना एकदाच फोन केला. भांडायला नव्हे. दुसऱ्या रिपोर्टाविरुद्ध कुठे अर्ज करता येतो का, आणि तो केला तर तुमी सही द्याल का, हे विचारायला. ओव्हाळांनी अर्ज स्वतः लिहून दिला, निळ्या शाईत, तांबड्या रेघेसह. त्यावर आठवडाभरात उत्तर आलं की अर्जदाराने आधारासाठी जोडलेल्या मूल्यांकनकाराचं मूल्यांकन त्याच मूल्यांकनकाराने चुकीचं ठरवलेलं असल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. ओव्हाळांनी ते वाक्य तीनदा वाचलं. त्यात कुठेही चूक नव्हती.

कौशल्याबाईंनी त्या दिवशी काही शिकवलं नाही. नुसता चहा केला.

महताब टॉकीज सत्तावीस लाखांना गेली. खाजामियाँच्या वाट्याला नऊ आले. आष्टीतल्या दोन खोल्या चौदा लाखांच्याच राहिल्या. बापलेक कड्याला मकसूदच्या घराशेजारी भाड्याने राहायला गेले. जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता, आणि खाजामियाँनी दोन्ही यंत्रांना तेल घातलं, असं सलिमा सांगते. यंत्रं भंगारात गेली. संघाने छप्पर ताब्यात घेतलं तेव्हा जुलै लागला होता. त्या वर्षी आष्टीत बरा पाऊस झाला, छावणी बंद करायचा हुकूम आला, जनावरं आपापल्या घरी गेली आणि महताबमध्ये वैरणीची एक पेंढीसुद्धा ठेवायची वेळ आली नाही.

ओव्हाळांचं नाव संघाने आपल्या मूल्यांकनकारांच्या यादीतून काढलं. त्यांनी पाठवलेल्या बिलातलं एसटीचं भाडं मंजूर झालं. तिकिटाचे चाळीस रुपये, टॉकीज त्या तारखांना बंद असल्यामुळे, नामंजूर झाले.